डोळे येतात, डोळे जातात

२०२३च्या जुलै महिन्यात आळंदीत डोळ्यांची साथ आली. आधी शाळकरी मुले, मग त्यांच्या घरची माणसे, मग पुणे जिल्हा आणि पाहता पाहता सगळे राज्य. रुग्णांचा आकडा लाखांच्या घरात गेला. लाल डोळे, सकाळी चिकटलेल्या पापण्या, सतत वाहणारे पाणी, आत वाळू सांडल्यासारखी खुपखूप. घरोघरी टॉवेल वेगळे झाले, वर्तमानपत्रांनी आकडे छापले. विषाणूमुळे आलेले डोळे बहुतेकांचे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात आणि नजरेला कायमचा धक्का क्वचितच लागतो. मराठीत या दुखण्याला 'डोळे येणे' म्हणतात आणि नजर गमावण्याला 'डोळे जाणे'. डोळे येतात तेव्हा सगळ्या गल्लीला कळते. डोळे जातात तेव्हा ज्याचे जातात त्यालाही पुष्कळदा उशीर होईपर्यंत कळत नाही. हा फरक योगायोगाचा नाही. तो डोळ्याच्या रचनेतच आहे, आणि म्हणून 'त्रास झाला की दाखवू' हा इतर अवयवांच्या बाबतीत बऱ्यापैकी निभावणारा व्यवहार डोळ्याच्या बाबतीत निभावत नाही. डोळे तक्रारीवरून नव्हे, वयावरून आणि तारखेवरून तपासून घ्यायला हवेत, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेपही वजनदार आहेत. त्यांना बगल देऊन हे म्हणणे सिद्ध होणार नाही.

डोळ्याच्या दर्शनी भागात, घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा बसवलेला असतो, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पण वेदना टिपणाऱ्या तंतूंची वीण शरीरात जिथे अतिशय दाट आहे अशा जागांत त्याचा नंबर अगदी वरचा. म्हणून डोळ्यात कुसळ गेले की माणूस हातातले काम टाकून आधी पाण्याकडे धावतो. उलट डोळ्याच्या मागच्या भिंतीवर ज्या पडद्यावर सगळे चित्र उमटते, त्या दृष्टिपटलात वेदनेचे तंतू नाहीतच. तिथे रक्त झिरपले, तिथल्या पेशी मेल्या, तो पडदा भिंतीपासून सुटून लोंबू लागला, तरी दुखत नाही. दारात कुणी आले तर घरभर कळावे आणि आतल्या खोलीत चोरी झाली तर कुणाला पत्ता लागू नये, अशी ही व्यवस्था आहे.

प्रकाश आत कसा जातो तेही थोडे पाहिले पाहिजे, कारण चष्म्याविषयीचे बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. दुरून आलेले किरण एवढ्या अंतरात नेमके दृष्टिपटलावर जुळवायचे तर सुमारे ६० डायॉप्टर ताकद लागते. हे काम आतले भिंग करते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दोन तृतीयांश ताकद कॉर्नियाची आणि उरलेली भिंगाची. भिंगाचे मोल त्याच्या लवचीकपणात आहे. जवळचे पाहायचे झाले की भोवतीचे स्नायूंचे कडे आवळते, भिंगाला ताणून धरणारे बारीक दोरे सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. नजर लांब गेली की याच्या उलट. दिवसभर हे चालू असते आणि एकदाही जाणवत नाही. दृष्टिपटलावर चित्र उलटे पडते, हे योहानेस केप्लरने १६०४ मध्ये लिहिले आणि ते सुलटे कसे होते याचा शोध इतरांवर सोपवला. डोळ्यात ते सुलटे होतच नाही. पाहण्याचे खरे काम मेंदूत होते, आणि मेंदूला मिळणारा माल आधीच गाळलेला असतो. दृष्टिपटलावर अंधुक उजेडासाठी सुमारे १२ कोटी दंडपेशी आहेत, रंग आणि बारकाव्यांसाठी सुमारे ६० लाख शंकूपेशी; पण त्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसेत दहा-बारा लाखच तंतू आहेत. बारीक अक्षर वाचता येईल इतके स्वच्छ दिसते ते नजरेच्या मध्यापाशीच, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचे सारे धूसर. नजर मात्र सेकंदाला दोन-तीनदा जागा बदलते आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो. टाके कुठेच दिसत नाहीत.

ते टाके पाहायचेच असतील तर कागदावर एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाकावा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच टक लावावी आणि कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. त्या जागी काळे भोक पडत नाही. कोरा कागद दिसतो. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नाहीत. एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही गोष्ट सतराव्या शतकात दाखवून दिली, पण तोवर माणसांच्या असंख्य पिढ्या हे भोक डोळ्यात घेऊन जगल्या आणि कुणाला ते जाणवले नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग आणून तिथे भरतो. आजाराने पडलेली भोकेही तो असाच भरतो. शिवाय एका डोळ्यात जे नाही ते दुसऱ्या डोळ्यातून उसने घेतो. पाहणाऱ्याला अखंड जग मिळावे म्हणून केलेली ही सोय बिघाड झाकून ठेवते. 'मला नीट दिसते' हे वाक्य म्हणूनच डोळ्याच्या तपासणीत पुरावा म्हणून धरता येत नाही.

लहान मुलांत हे फार स्पष्ट दिसते. जन्मतः डोळा सोळा-सतरा मिलिमीटर लांबीचा असतो आणि वाढत जातो. ती वाढ गरजेपेक्षा मिलिमीटरभर जास्त झाली तरी अडीच-तीन डायॉप्टरचा उणे नंबर लागतो. किरण पडद्याच्या अलीकडेच जुळतात, जवळचे दिसते, लांबचे पुसट होते. डोळा आखूड राहिला तर अधिकचा नंबर. पण लहान मुलाचे भिंग इतके लवचीक असते की मूल स्नायूंवर जोर देऊन ही उणीव भरून काढते, तक्त्यावरची सगळी अक्षरे वाचून दाखवते, आणि अभ्यासाला बसले की मात्र डोके दुखते म्हणते. कॉर्नियाचा गोलावा उभ्या-आडव्या दिशांत सारखा नसेल तर सिलिंडरचा नंबर. अशा मुलाची तक्रार काय असणार? ज्याने फळ्यावरचे अक्षर कधीच ठळक पाहिले नाही, त्याला ते पुसट आहे हे कशावरून कळावे? सगळ्यांनाच असे दिसते, असे ते धरून चालते. ते शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेते, टीव्हीसमोर जाऊन बसते, चेंडू हुकला की खेळातून अंग काढून घेते. घरात त्याला चंचल म्हणतात, शाळेत ढ.

दोन डोळ्यांपैकी एकच कमजोर असेल तर एवढीही खूण मिळत नाही. चांगला डोळा सगळे निभावून नेतो आणि कमजोर डोळ्याकडून येणारे पुसट चित्र मेंदू बाजूला सारू लागतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला दाद देत नव्हत्या. मोठ्या मांजरीचा डोळा असाच बंद ठेवल्यास असे होत नाही. या कामाला १९८१चे नोबेल मिळाले. माणसाच्या मुलात हेच घडते तेव्हा त्याला 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून सहा-सात वर्षांपर्यंत तो बराच सुधारता येतो. त्यानंतर यश कमी होत जाते. पुढे विसाव्या वर्षी, भरतीच्या किंवा वाहन परवान्याच्या तपासणीत एक डोळा झाकायला लावल्यावर पहिल्यांदा हे उघड होते, तेव्हा कोणत्याच चष्म्याने तक्त्याची खालची ओळ येत नाही. शाळेतली तपासणी दोन्ही डोळे उघडे ठेवून झाली, किंवा मुलाने बोटांच्या फटीतून वाचले, तर ती न झाल्यासारखीच. एक डोळा पूर्ण झाकायचा, तळहाताने, न दाबता. एवढ्या लहान गोष्टीवर एका डोळ्याचे भवितव्य ठरते.

इथे घराघरात ऐकू येणारा आक्षेप येतो: चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून जमेल तितका टाळावा, लावलाच तर कमी नंबराचा लावावा. हा समज हट्टातून आलेला नाही. चष्मा लागतो ते वय आणि डोळा वाढतो ते वय एकच. दर वर्षी चष्मा बदलावा लागतो आणि दोष चष्म्यावर जातो. मलेशियात ही शंका तपासून पाहिली गेली. ९ ते १४ वर्षांच्या ९४ मुलांपैकी अर्ध्यांना पूर्ण नंबराचा आणि अर्ध्यांना मुद्दाम पाऊण डायॉप्टर कमी नंबराचा चष्मा दिला. दोन वर्षांनी कमी नंबरवाल्यांचा दोष जास्त वाढलेला निघाला: सुमारे १ डायॉप्टर, तर पूर्ण नंबरवाल्यांचा ०.७७. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संख्या लहान आहे आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांचे आकडे असेच आले असे नाही. पण कमी नंबराने डोळा वाचतो, याला आधार मिळालेला नाही. डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो, या दाव्याचेही तसेच. लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. जवळ पाहताना दोन्ही डोळे आत वळवणे ज्यांना जमत नाही, त्यांना मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या व्यायामाचा खरा उपयोग होतो, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

मग वाढता नंबर कशाने आवरतो? गेल्या वीस वर्षांत याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिंगापुरात २९ टक्के मुलांना उणे नंबर, सिडनीत ३.३ टक्के. वंश एकच, आईवडिलांच्या चष्म्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे, आणि पुस्तके तर सिडनीची मुले आठवड्याला जास्तच वाचत होती. मोठा फरक उन्हाचा होता: आठवड्याला सिंगापुरात तीन तास घराबाहेर, सिडनीत जवळजवळ चौदा. पुढे चीनमधल्या ग्वांगजौ शहरात काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा मैदानी तास जास्तीचा दिला. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने उणे नंबर लागला, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि ते डोळ्याच्या वाढीला आवर घालते, असे आजचे मत आहे. मोबाइलला दोष देणारे पालक चुकतात असे नाही, कारण मोबाइल मुलाला घरात बसवून ठेवतो. पण मोबाइल काढून त्याच मुलाला त्याच खोलीत क्लासच्या वह्यांसमोर बसवले तर डोळ्याच्या हिशेबात फारसे काही बदलत नाही. निळा प्रकाश अडवणारे म्हणून दुकानात विकले जाणारे चष्मे डोळ्यांचा थकवा कमी करत नाहीत, असे २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसले. स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या लवायच्या कमी होतात म्हणून. त्याला पैसे पडत नाहीत: अधूनमधून लांब पाहावे, आठवणीने पापणी लववावी. शाळेचे मैदान बांधकामात गेले तर मात्र त्याची किंमत डोळ्यांनी मोजावी लागते, आणि हा विषय नेत्रतज्ज्ञांपेक्षा नगरपालिकेच्या सभेत मांडण्याचा आहे. उणे नंबर म्हणजे नुसती काच नव्हे. तो फार वाढला तर पडदा सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोकाही वाढतो.

चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही लागतो आणि चष्म्यालाही. त्या वयात भिंगाचा लवचीकपणा इतका घटतो की वर्तमानपत्र हळूहळू हातभर लांब जाते. हे सर्वांना होते, टाळता येत नाही, आणि त्याला औषध म्हणून दोन काचा पुरतात. तरी कागदाचे काम करणाऱ्यालाच चाळिशी लागते अशी एक समजूत आहे. आसामच्या चहामळ्यांत ती तपासली गेली. चहाच्या झुडपावरून दोन पाने आणि एक कळी नेमकी खुडायची, जून पान सोडायचे. काम हाताचे, पण डोळ्यांवर चालणारे. चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची खुडणी २५ किलोंवरून जवळजवळ ३५ किलोंवर गेली. हंगामामुळे बाकीच्यांचीही वाढली होती. ती वजा केली तरी चष्म्याच्या वाट्याला २१ टक्क्यांहून जास्त वाढ राहिली. तांदूळ निवडणारी, भाकरीच्या पिठातला खडा पाहणारी, सुईत दोरा ओवणारी, साडीला फॉल लावणारी बाई निरक्षर असली तरी याच वर्गातली आहे. आणि चष्म्यावाचून राहणाऱ्यांत तीच जास्त असते, कारण घरातल्या खर्चाच्या यादीत तिचे डोळे शेवटी येतात.

मग फुटपाथवर शे-दीडशे रुपयांत मिळणारा तयार चष्मा वाईट का? वाईट नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर तो काम चोख करतो, आणि डोळे त्याने बिघडत नाहीत. नुकसान दुसरेच होते. चाळिशी ही आयुष्यातली एकमेव अशी वेळ आहे जेव्हा निरोगी माणूस आपणहून डोळ्यांची तक्रार घेऊन घराबाहेर पडतो. नेमक्या याच वयापासून आतले मुके आजार सुरू होतात. तो फुटपाथवरून चष्मा घेऊन परतला तर ती वेळ हुकते आणि पुन्हा पंधरा वर्षे येत नाही.

मोतीबिंदूची गोष्ट आपल्या देशाने बऱ्यापैकी अभिमानाने सांगावी अशी आहे. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पन्नाशीपुढच्या लोकांतले अंधत्वाचे प्रमाण २००७च्या सुमारास ३.६ टक्के होते, ते २०१५-१९च्या सर्वेक्षणात १.९९ टक्क्यांवर आले. तरी उरलेल्या अंधांपैकी दोन तृतीयांश अजून मोतीबिंदूमुळेच अंध होते, म्हणजे अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने डोळस होऊ शकणारे. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' हा सल्ला त्यामागे अजून आहे, आणि तो एके काळी बरोबर होता. तेव्हा भिंग काढल्यावर त्या जागी काही बसवत नसत. जाड काचांचा चष्मा आयुष्यभर लावावा लागे, म्हणून अगदीच दिसेनासे होईपर्यंत थांबण्यात शहाणपण होते. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात विमानाच्या खिडक्यांच्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्याने ते सहन केले होते, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून अशी भिंगे परदेशी किमतीच्या लहानशा अंशात बनवायला घेतली आणि ती गावातल्या माणसाच्या आवाक्यात आली. आज पिकण्याची वाट पाहिली तर भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते आणि कधी कधी डोळ्यातला दाब वाढून नसच जाते. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की काढावा, हा आताचा नियम.

पण मोतीबिंदूच्या शिबिरांनी नकळत एक सवयही लावली. शिबिरात प्रश्न असतो, 'दिसत नाही का?' ज्याला दिसत नाही तो येतो, काढून घेतो, पाहू लागतो. काचबिंदूला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्यात डोळ्याच्या नसेचे तंतू एकेक करून मरतात, बहुधा डोळ्यातल्या द्रवाचा दाब सोसेनासा झाल्यामुळे. आणि नजर कडेकडून, तुकड्यातुकड्यांत जाते. मध्य शाबूत, म्हणून तक्ता ६/६ वाचला जातो. भोके मेंदू भरतो. रस्ता ओलांडताना बाजूची मोटारसायकल 'अचानक' येते, पायरी चुकते, वाढलेल्या ताटाला हात लागतो, आणि हे सगळे वयावर ढकलले जाते. आंध्र आणि तमिळनाडूत घरोघरी जाऊन झालेल्या अभ्यासांत काचबिंदू सापडलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हते. गेलेली नजर इथे परत येत नाही. थेंब टाकून उरलेली राखता येते, पण थेंबांनी आज काहीच बरे वाटत नाही, म्हणून बाटली संपली की पुष्कळ जण थांबतात. रोगाच्या मुकेपणाने निदान चुकते, तसेच उपचारही.

इथला आक्षेप जाणकारांचा आहे. सरसकट सगळ्या लोकसंख्येत काचबिंदू शोधत फिरण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्येही पुरावा अपुरा असल्याचेच म्हटले. नुसता दाब मोजला तर फसगत होते: दाब वाढलेल्या अनेकांना रोग नसतो आणि दाब ठीक असलेल्यांना असू शकतो. हे सारे मान्य करूनही माझे म्हणणे उभे राहते, कारण ते घरोघरी दाब मोजण्याचे म्हणणे नाही. चाळिशीसाठी आलेल्या माणसाची नस दिव्याखाली पाहणे, ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्याला मुद्दाम बोलावणे, एवढाच त्याचा आवाका आहे. रक्ताच्या नात्यात हा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. ज्या घरात एक रुग्ण सापडला तिथे बाकीच्यांना बोलावणे यात शोधत फिरणे कुठे आले?

मधुमेहाच्या बाबतीत तर पुरावाही भक्कम आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. दुसऱ्या एका अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर विकार आढळला, आणि ४ टक्क्यांची नजर प्रत्यक्ष धोक्यात होती. सुरुवातीला बारीक रक्तवाहिन्या फुगतात, झिरपतात, बंद पडतात. दृष्टी मात्र खणखणीत. दिसायला त्रास होतो तो रक्तस्राव झाल्यावर किंवा मध्यभागी सूज आल्यावर. साखर काटेकोर ठेवल्याने विकार सुरू होण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी घटते, असे पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरच्या अमेरिकी अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले. लेझरचा उपचार त्याच्याही आधीपासून आहे. इंग्लंडने या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक मधुमेहीला दर वर्षी डोळ्याच्या पडद्याच्या फोटोसाठी बोलवायला सुरुवात केली, तक्रार असो वा नसो. २००९-१० मध्ये कामकाजाच्या वयातल्या लोकांतल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचे पहिले स्थान गेले; निदान पन्नास वर्षांत असे प्रथमच घडले. साखरेचे उपचार सुधारले हेही त्याचे कारण असणार. पण तारखेवर बोलावण्याने काय साधते याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

ओरडणाऱ्या डोळ्याचेही आपण नेहमी ऐकतो असे नाही, हे जाता जाता सांगायला हवे. भाताचे पाते किंवा उसाचे पान लागून कॉर्नियावर ओरखडा उठतो, त्यात बुरशी शिरते, आणि माणूस मध, गुलाबपाणी किंवा दुकानातून मागून आणलेले थेंब घालत चार दिवस काढतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर लाली उतरते, बरे वाटते आणि बुरशी मोकाट वाढते. हेच थेंब महिनोन् महिने वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. नजरेसमोर एकाएकी ठिणग्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने सरकणारा पडदा दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचायचे. दुखत नाही म्हणून सोमवारपर्यंत थांबायचे नाही.

राहिला व्यवहाराचा आक्षेप: एवढे डॉक्टर आणायचे कुठून? पण तारखेवर होणारी प्रत्येक तपासणी नेत्रतज्ज्ञानेच करायची नसते. सहा मीटरवरून तक्ता वाचून घेणे शिक्षकाला शिकवता येते. ग्रामीण रुग्णालयातला नेत्रचिकित्सा अधिकारी चष्म्याचा नंबर काढतो. मधुमेहाच्या दवाखान्यात साखर तपासायला आलेल्याच्या पडद्याचा फोटो तिथल्या तिथे काढून दूरच्या तज्ज्ञाला पाठवता येतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की दोन-तीन तास जवळचे पुसट दिसते आणि दिवसाचा रोज बुडतो. लोक टाळतात त्याचे हे एक प्रामाणिक कारण आहे, आणि अशा कॅमेऱ्याने ते बरेचसे दूर होते. तज्ज्ञाचा हात लागतो तो चाळून उरलेल्यांना.

सगळ्यात कडक तारीख मात्र ज्यांना बोलताच येत नाही त्यांची आहे. चौतीस आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या अर्ध्या वाटेवर असतात, आणि काचेच्या पेटीत प्राणवायूवर काढलेल्या दिवसांत त्या वेड्यावाकड्या वाढू लागू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात कक्षांमुळे अशी बाळे आता जगतात. त्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत पाहायचा असतो, फारच लवकर जन्मलेल्यांचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. आणि बिघाड सापडला तर लेझर दोन-तीन दिवसांत. बाळाचे डोळे बाहेरून टपोरे, स्वच्छ दिसतात. आई त्याला पाजते, वजन भरते, सगळे घर आनंदात असते. ते नजर लावत नाही हे तीन-चार महिन्यांनी लक्षात येते, आणि तोवर पडदा सुटलेला असतो. म्हणून कक्षातून घरी सोडताना हातात दिल्या जाणाऱ्या कार्डावर पुढच्या लसीच्या तारखेशेजारी डोळ्याच्या तपासणीची तारीखही ठळक लिहायची, जिथे जायचे त्या दवाखान्याचे नाव लिहायचे, आणि ते आईला व सोबत आलेल्या आजीला दोघींनाही वाचून दाखवायचे.